कमोडोर ६४ वर सी शिकायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या होम कॉम्प्युटरवर सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायची म्हटलं की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळे एका जागी घेतलेत. ज्यांनी सी कधीच लिहिलेलं नाही किंवा कॉलेजात परीक्षेपुरतं लिहून सोडून दिलं, त्यांना डोळ्यासमोर ठेवून उत्तरं दिलीयेत. मशीन एकच धरलंय, कमोडोर ६४, कारण सगळ्या मशीन्सबद्दल थोडं थोडं सांगण्यापेक्षा एका मशीनबद्दल नीट सांगितलेलं बरं.

प्रश्न: १९८२ च्या मशीनवर आज सी का शिकायचं? लॅपटॉपवर काय वाईट आहे?

लॅपटॉपवर काही वाईट नाही, पण तिथे सीचा खरा गाभा दिसतच नाही. सी म्हणजे मेमरी आणि पत्ते. लॅपटॉपवर तुमच्या प्रोग्रॅमला मिळणारा पत्ता ऑपरेटिंग सिस्टिमने बनवून दिलेला असतो, दर वेळी वेगळा, आणि तिथे काय ठेवलंय ते प्रिंट केल्याशिवाय कळत नाही. कमोडोर ६४ मध्ये मेमरी उघडी पडलेली आहे. पत्ता १०२४ म्हणजे स्क्रीनचा डावीकडचा वरचा कोपरा, पत्ता ५३२८० म्हणजे बॉर्डरचा रंग, आणि हे कालही तसंच होतं, उद्याही तसंच असणार. तुम्ही तिथे आकडा टाकला की तो त्या क्षणी डोळ्यांना दिसतो.

आणि हे मशीन सीला परकं नाही. डेनिस रिची यांनी बेल लॅब्समध्ये १९७२ च्या सुमारास सीला आकार दिला तो पीडीपी-११ या त्या काळच्या मिनीकॉम्प्युटरवर, आणि त्याचा पत्ता १६ बिटांचा होता, म्हणजे प्रोग्रॅमला एका वेळी ६४ केबी एवढंच आवाक्यात. कमोडोरच्या ६५१० प्रोसेसरचा पत्ताही १६ बिटांचाच. पीडीपी-११ बाकी सगळ्या बाबतीत खूप मोठं मशीन होतं हे खरं, पण सीमधल्या बऱ्याच गोष्टी अशा का आहेत ते एवढ्याच जागेत बसून बघितलं की पटतं.

प्रश्न: माझ्याकडे मशीन नाहीये, आधी विकत घ्यावं का?

नाही, आधी अजिबात घेऊ नका. व्हाइस नावाचा फुकट एम्युलेटर (जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम) आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतो आणि इतका अचूक आहे की शिकणाऱ्याला फरक जाणवणार नाही. शिवाय त्यात मॉनिटर आहे, म्हणजे चालू प्रोग्रॅम मध्येच थांबवून कुठल्याही पत्त्यावर काय आहे ते बघता येतं, ही सोय खऱ्या मशीनवर इतक्या सहज मिळत नाही. दोन-तीन महिने टिकून शिकलात, मग खऱ्या मशीनचा विचार करा, त्याबद्दल खाली लिहिलंय.

प्रश्न: कमोडोरच का? स्पेक्ट्रम, बीबीसी मायक्रो, अमिगा का नको?

बीबीसी मायक्रोचं भारताशी जुनं नातं आहे, १९८४ मध्ये सरकारच्या क्लास प्रकल्पात आपल्याकडच्या शाळांना तेच मशीन दिलं होतं, तेव्हा कोणाची आठवण जुळलेली असेल तर जरूर तिकडे जा. झेडएक्स स्पेक्ट्रमसाठी झेड८८डीके हा चांगला कंपायलर (सी कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) आहे, पण त्याची स्क्रीन मेमरी वेड्यावाकड्या क्रमाने लावलेली आहे, एका ओळीखालची ओळ मेमरीत २५६ बाइट पुढे असते आणि स्क्रीनचे तीन भाग वेगळे, त्यामुळे पॉइंटरच्या (म्हणजे मेमरीचा पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलच्या) पहिल्याच धड्याला नवखा माणूस अडकतो. अमिगावर सी छानच चालतं, पण तिथे मोठी ऑपरेटिंग सिस्टिम आहे आणि आधी तीच शिकावी लागते. कमोडोरची स्क्रीन म्हणजे सरळ ४० गुणिले २५, एकूण १००० बाइट एकापाठोपाठ एक. शिकायला याहून सोपी मांडणी मिळणं कठीण.

प्रश्न: कंपायलर कुठला आणि पहिला प्रोग्रॅम चालवायचा कसा?

सीसी६५ घ्या. हा क्रॉस कंपायलर आहे, म्हणजे प्रोग्रॅम लिहायचा आणि कंपाइल करायचा आपल्या पीसीवर, आणि तयार झालेली फाइल चालवायची कमोडोरवर. उबंटूवर पॅकेज मॅनेजरमधूनच मिळतो, विंडोजवर झिप उतरवून तो फोल्डर पाथमध्ये टाकायचा. रोजच्या वापराची कमांड सीएल६५, तिला टारगेट म्हणून सी६४ सांगायचं, कॅपिटल ओ दिला की ऑप्टिमायझेशन होतं, स्मॉल ओ पुढे आउटपुट फाइलचं नाव, बस्स. जी पीआरजी फाइल मिळते ती व्हाइसच्या खिडकीत ओढून सोडली की लोड होऊन आपोआप रन होते.

ओस्कार६४ आणि एलएलव्हीएम-मॉस हे नवे कंपायलर जास्त वेगवान कोड बनवतात, पण सीसी६५ ची कागदपत्रं आणि उदाहरणं नवख्याला बरी पडतात, म्हणून सुरुवात तिथूनच करा असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिल्या प्रोग्रॅममध्ये नमस्कार वगैरे छापत बसू नका. लूप लावा आणि बॉर्डरचा रंग ० ते १५ फिरवत ठेवा. थांबा न घालता फिरवलात तर बॉर्डरवर रंगांचे पट्टे पळताना दिसतील, कारण टीव्हीवर एक फ्रेम काढून व्हायच्या आत तुमचा प्रोग्रॅम कितीतरी वेळा रंग बदलतोय. मशीनमध्येच असलेल्या बेसिक भाषेत हेच करून बघा म्हणजे वेगातला फरक लगेच कळेल.

प्रश्न: कॉलेजात टर्बो सी केलंय, ते विसरावं लागेल का?

उलट तुम्ही पुढे आहात! ज्यांनी त्या निळ्या स्क्रीनवर जर्नलं पूर्ण केलीयेत त्यांना इथे बरंच ओळखीचं सापडेल. कोनिओ डॉट एच आहे, क्लियरस्क्रीन आहे, गोटूएक्सवाय आहे, टेक्स्टकलर आहे. गेटसीएच ऐवजी सीगेटसी. इंट दोन बाइटचा, तिथेही आणि इथेही. व्हेरिएबल ब्लॉकच्या सुरुवातीलाच डिक्लेअर करायची सवय तुम्हाला असेलच, ती इथे लागते, फॉरच्या कंसात इंट आय लिहिलंत तर सीसी६५ एरर देतो. एक गोष्ट तर इथे जास्त सोपी आहे, टर्बो सीत थेट व्हिडिओ मेमरीत लिहायचं तर ‘फार’ नावाचे खास पॉइंटर, सेगमेंट, ऑफसेट हे सगळं लागायचं, इथे सरळ १०२४.

प्रश्न: पॉइंटर काही केल्या डोक्यात बसत नाही. इथे खरंच बसेल?

बसेल, आणि हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून जरा लांबवून सांगतो, खालचे प्रयोग वाचून सोडू नका, एकेक करून बघा.

पहिला. अनसाइन्ड कॅरचा पॉइंटर घ्या, त्यात १०२४ टाका (कास्ट करून), आणि स्टार लावून त्याला १ असाइन करा. स्क्रीनच्या कोपऱ्यात ए उमटेल. पॉइंटर प्लस प्लस करा, आता २ असाइन करा, शेजारच्या घरात बी. पॉइंटरमध्ये ४० मिळवा, बरोबर खालच्या ओळीत गेलात. पॉइंटर म्हणजे पत्ता, स्टार म्हणजे त्या पत्त्यावरचं घर, हे वाक्य पाठ करण्यापेक्षा असं बघितलेलं कायम राहतं. (मेमरी १०२४ मधल्या ए चा कोड १ आहे, कीबोर्डच्या ए चा ६५. स्क्रीन कोड (स्क्रीन मेमरीतले आकडे) आणि पेट्स्की (कीबोर्ड आणि छपाईसाठीचे कमोडोरचे अक्षरकोड) या दोन वेगळ्या याद्या आहेत, नवख्याचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, तेव्हा दोन्ही तक्ते प्रिंट काढून भिंतीला लावा.)

दुसरा. आता पॉइंटर इंटचा घ्या, पत्ता तोच, आणि ५१३ असाइन करा. एका फटक्यात ए आणि बी दोन्ही उमटतात, कारण ५१३ म्हणजे २ गुणिले २५६ अधिक १, आणि हा प्रोसेसर धाकटा बाइट आधी ठेवतो. लिटल एंडियन म्हणतात ते हेच. मग इंटचा पॉइंटर प्लस प्लस करून परत लिहा, एक घर नाही तर दोन घरं पुढे गेलेला दिसेल. पॉइंटर अ‍ॅरिथमॅटिकचा सगळा धडा यात आला.

तिसरा मला सगळ्यात आवडतो. स्ट्रिंगकॉपी वापरून १०२४ वर इंग्रजी स्मॉल अक्षरांत राम (आर, ए, एम) ही स्ट्रिंग कॉपी करा. तीन अक्षरं कॅपिटलमध्ये दिसतील आणि त्यांच्यामागे एक ॲट द रेटचं चिन्ह, जे तुम्ही लिहिलेलंच नाही. तो स्ट्रिंगच्या शेवटचा शून्य! स्क्रीन कोडमध्ये ० म्हणजे ॲट द रेट, त्यामुळे एरवी कधीच न दिसणारा नल टर्मिनेटर इथे चक्क स्क्रीनवर येऊन बसतो. तीन अक्षरांच्या स्ट्रिंगला चार बाइटचं ॲरे का लागतं हे परत कोणाला विचारावं लागणार नाही.

प्रयोग संपल्यावर सीगेटसी लावून ठेवा, नाहीतर प्रोग्रॅम संपून रेडी येतं आणि बघायच्या आत स्क्रीन वर सरकू शकते.

प्रश्न: प्रिंटएफ टाकलं की फाइल एवढी मोठी का होते?

कारण प्रिंटएफ सगळ्या प्रकारचे फॉरमॅट सांभाळतं आणि ते सगळं सामान तुमच्या प्रोग्रॅममध्ये येतं, काही केबी त्यातच जातात. नुसती स्ट्रिंग छापायची असेल तर सीपुट्स वापरा. जागा तशी बरी आहे, सीसी६५ बेसिकची रॉम बाजूला सारतो म्हणून २०४९ पासून ५३२४७ पर्यंत जवळजवळ ५० केबी हाताशी असते, त्यातले २ केबी स्टॅकला.

प्रश्न: २०० गुणिले २०० चं उत्तर उणे २५५३६ येतंय, कंपायलर बिघडलाय का?

नाही. इंट १६ बिटांचा आहे, ३२७६७ च्या वर जागा नाही, ४०००० बसत नाही म्हणून तो गुंडाळून उणे बाजूला गेला. अनसाइन्ड घेतलात तर ६५५३५ पर्यंत जाता येईल, त्याहून मोठं हवं तर लाँग, तो चार बाइटचा. फॅक्टोरियल करून बघा, ७ चं ५०४० येतं, ८ चं साध्या इंटमध्ये फसतं, लाँगमध्ये १२ पर्यंत नीट जातं.

याचाच भाऊ म्हणजे अनसाइन्ड कॅर. वेगासाठी लूपचा काउंटर अनसाइन्ड कॅर ठेवा असं सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे, प्रोसेसर ८ बिटांचा आहे, पण मग पूर्ण स्क्रीन भरायला आय लेस दॅन १००० लिहिलं की लूप कधीच संपत नाही, कारण आय २५५ नंतर ० होतो. स्क्रीनचा वरचा चतुर्थांश भाग भरतो आणि मशीन तिथेच फिरत राहतं.

प्रश्न: फ्लोट का चालत नाही?

सीसी६५ मध्ये फ्लोट नाही. ओस्कार६४ मध्ये आहे, पण शिकताना नसलेलाच बरा असं मी म्हणेन. पैशाचा हिशोब करायचा असेल तर रुपयात न ठेवता पैशात ठेवा, १२ रुपये ५० पैसे म्हणजे १२५०, छापताना १०० ने भागून आणि बाकी काढून दोन भाग दाखवा. गेममध्ये वस्तू हळू सरकवायची असेल तर जागा १६ किंवा २५६ ने गुणून ठेवायची आणि दाखवताना भागायचं. याला फिक्स्ड पॉइंट म्हणतात आणि ते आजही मायक्रोकंट्रोलरवर रोज वापरलं जातं.

प्रश्न: नल पॉइंटरवर लिहिलं तरी एरर येत नाही, हे कसं?

इथे अडवणारं कोणी नाही. लिनक्सवर सेगमेंटेशन फॉल्ट येतो कारण ऑपरेटिंग सिस्टिम पहारा देते. इथे पत्ता ० आणि पत्ता १ हे खरे पत्ते आहेत आणि तिथे प्रोसेसरचं स्वतःचं पोर्ट बसलंय, कुठली रॉम दिसायची आणि कुठली नाही ते ठरवणारं. १ वर शून्य लिहिलंत की रॉम दिसेनाशी होते आणि मशीन अडकतं. घाबरायचं काही कारण नाही, असल्या लिहिण्याने काही जळत नाही, रिसेट केलं की परत तेच निळं पान. पण ॲरेच्या हद्दीबाहेर लिहिल्याने काय होतं, शेजारचं व्हेरिएबल कसं बदलतं, हे इथे मुद्दाम करून बघा, दोन ॲरे पाठोपाठ ठेवा आणि पहिल्याची हद्द ओलांडून दुसऱ्यात काय होतंय ते व्हाइसच्या मॉनिटरमध्ये पाहा. मॉनिटर सगळं हेक्समध्ये दाखवतो, १०२४ तिथे ०४०० दिसेल, त्या निमित्ताने हेक्सही हाताखालून जाईल.

प्रश्न: रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच कॉल करणं, किती खोल जाऊ शकतं?

प्रोसेसरचा हार्डवेअर स्टॅक २५६ बाइटचा आहे आणि प्रत्येक फंक्शन कॉलचा परतीचा पत्ता दोन बाइट खातो, म्हणजे हिशोबाने सव्वाशेच्या आतच. फंक्शनचे पॅरामीटर आणि लोकल व्हेरिएबल सीसी६५ वेगळ्या सॉफ्टवेअर स्टॅकवर ठेवतो, आणि तो हळू आहे. म्हणून वेग हवा असेल तर लोकल व्हेरिएबल स्टॅटिक करा, फक्त रिकर्शनवाल्या फंक्शनमध्ये करू नका, कारण मग सगळे कॉल एकच व्हेरिएबल वापरायला लागतात आणि उत्तर चुकतं. पुस्तकात स्टॅटिकवर दोन ओळी असतात, इथे त्याची किंमत आणि धोका दोन्ही कळतात.

प्रश्न: व्होलाटाइल म्हणजे नक्की काय? कॉलेजात फक्त व्याख्या लिहिली होती.

पत्ता १६२ वर पॉइंटर लावा आणि तिथला आकडा लूपमध्ये छापत राहा. तुमच्या प्रोग्रॅमने त्याला हात लावलेला नाही तरी तो वाढत जातो, सेकंदाला सुमारे ६० वेळा. मशीनचं घड्याळ तिथे आहे, इंटरप्ट येऊन ते पुढे ढकलतो. आता कंपायलरला हे माहीत नाही, त्याला वाटतं की ज्याला कोणी बदललं नाही ते परत परत कशाला वाचायचं, एकदा वाचलेलंच वापरू. व्होलाटाइल लिहून आपण त्याला सांगतो की बाबा, दर वेळी जाऊन बघ. सीसी६५ फार हुशारी करत नाही म्हणून तिथे विसरलात तरी बऱ्याचदा निभावतं, पण एलएलव्हीएम-मॉस वर हा आकडा बदलायची वाट बघणारा लूप कायमचा अडकू शकतो, तेव्हा सवय आत्ताच लावा.

प्रश्न: बिटवाइज ऑपरेटर कशाला शिकायचे?

जॉयस्टिकसाठी! पोर्ट २ ची जॉयस्टिक पत्ता ५६३२० वर वाचता येते. काहीच दाबलं नसेल तर १२७, फायर दाबलं की १११, म्हणजे १६ वाला बिट शून्य झाला. वर, खाली, डावं, उजवं यांचे बिट १, २, ४, ८. सिंगल अँड लावून एकेक बिट तपासायचा, आणि लक्षात ठेवायचं की दाबलं म्हणजे शून्य. तिरपं ढकललं तर दोन बिट एकदम शून्य होतात, म्हणून इक्वल टू ने तुलना करणारा प्रोग्रॅम तिरपा चालत नाही. व्हाइसमध्ये नंबरपॅड जॉयस्टिक म्हणून लावता येतो. इथवर आलात की सापाचा गेम लिहायला घ्या, ॲरे, स्ट्रक्चर, वेळ, जॉयस्टिक सगळं त्यात येतं.

प्रश्न: मराठी अक्षरं दाखवता येतात का?

मशीनला देवनागरी माहीत नाही, पण आपण काढू शकतो, आणि हा प्रयोग मुलांबरोबर करायला फार छान आहे. चौकटीच्या वहीत ८ गुणिले ८ चा चौकोन आखा, भरलेलं घर १, रिकामं ०. ग काढायचा तर वरून खाली २५५, ३४, ३४, ३४, ९८, ९८, २ आणि ०. पहिली ओळ २५५ म्हणजे पूर्ण भरलेली, ती शिरोरेषा, आणि ती कडेपर्यंत गेल्यामुळे शेजारच्या अक्षराशी आपोआप जुळते.

दाखवायला स्प्राइट (स्क्रीनवर कुठेही ठेवता येणारं छोटं स्वतंत्र चित्र) वापरा, ते सोपं पडतं. ८३२ पासूनचे ६३ बाइट आधी शून्य करा, मग वरचे आकडे एकेक करून टाका, पण दर वेळी पॉइंटर ३ ने पुढे न्या, कारण स्प्राइटची एक ओळ तीन बाइटची असते. पत्ता २०४० वर १३ टाका (१३ गुणिले ६४ म्हणजे ८३२), ५३२४८ वर १६०, ५३२४९ वर १२०, ५३२८७ वर रंग १, आणि ५३२६९ वर १ टाकलं की ग दिसतो. बारीक वाटला तर ५३२७१ आणि ५३२७७ वर १ टाका, दुप्पट होईल. जोडाक्षरं आणि वेलांट्या ८ ओळींत कोंबणं खरंच अवघड आहे, त्यासाठी स्प्राइटच्या २१ ओळी पूर्ण वापरा.

प्रश्न: त्या काळचाच कंपायलर मशीनवर चालवून शिकलं तर?

पॉवर सी आणि सुपर सी असे कंपायलर तेव्हा खरंच होते आणि एकदा अनुभव म्हणून बघण्यासारखे आहेत. पण कीबोर्डवर महिरपी कंसच नाहीत, १५४१ हा कमोडोरचा फ्लॉपी ड्राइव्ह सेकंदाला ४०० बाइटच्या आसपास वाचतो, आणि कंपाइल, लिंक, रन या प्रत्येक पायरीला डिस्कची वाट बघायची. भाषाही जुनी, फंक्शनच्या पॅरामीटरचे टाइप कंसाबाहेर खाली लिहायचे, कारण सीचं अधिकृत एएनएसआय स्टँडर्ड आलं १९८९ मध्ये. नवख्याने यावर सुरुवात करू नये, शिकण्याचा अर्धा वेळ वाट बघण्यात जातो.

प्रश्न: याचा नोकरीत काही उपयोग?

एम्बेडेडमध्ये, म्हणजे उपकरणांच्या आतल्या छोट्या चिपांच्या प्रोग्रॅमिंगमध्ये, जायचं असेल तर सरळ उपयोग आहे. आर्डुइनो उनो आर३ या छोट्या बोर्डवरची चिप ८ बिटांची, रॅम २ केबी, म्हणजे कमोडोरपेक्षा खूप कमी, इंट तिथेही दोन बाइटचा, आणि पिन चालू-बंद करणं म्हणजे ठरलेल्या पत्त्यावर बिट लिहिणं. वेब किंवा ॲपच्या कामात थेट उपयोग नाही. थ्रेड, नेटवर्क, मोठ्या फाइल्स हे इथे शिकता येणार नाही, त्यासाठी नंतर लिनक्सवर यावंच लागेल.

प्रश्न: आता खरं मशीन घ्यायचंच आहे. काय बघू?

पाल या टीव्ही पद्धतीचं मॉडेल घ्या, युरोपातलं. अमेरिकेतलं मशीन ६० हर्ट्झ एनटीएससी आणि त्याचा पॉवर सप्लाय ११०-१२० व्होल्टचा, आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट लावलात तर गेलं. आणि मूळ जुना पॉवर सप्लाय कुठल्याही मॉडेलचा असो, तो वापरू नका, विकणाऱ्याने चालू स्थितीत आहे सांगितलं तरी नको. त्यातला ५ व्होल्टचा रेग्युलेटर म्हातारा झाला की जास्त व्होल्टेज सोडतो आणि मशीनच्या रॅम चिप जळतात. नवीन बनवलेला सप्लाय घ्या आणि त्याचे पैसे, शिपिंग आणि कस्टम ड्युटी सुरुवातीपासूनच बजेटमध्ये धरा. जुन्या चिपांची दुरुस्ती नको असेल तर २०१९ मध्ये आलेलं पूर्ण आकाराचं द सी६४ हाही पर्याय आहे, आत एम्युलेटरच आहे पण कीबोर्ड खरा आहे.

प्रोग्रॅम न्यायला एसडी२आयईसी हे छोटं उपकरण घ्या, एसडी कार्डवर पीआरजी फाइल टाकायची, ते उपकरण मशीनला ड्राइव्ह म्हणून दिसतं. लोड, फाइलचं नाव, ८, १ आणि मग रन. खरी १५४१ असेल तर व्हाइसबरोबर येणाऱ्या सी१५४१ टूलने डी६४ इमेज (अख्ख्या डिस्कची नक्कल असलेली फाइल) बनवा, रिकाम्या डिस्कवर ६६४ ब्लॉक असतात, शिकताना लिहिलेले सगळे प्रोग्रॅम एकाच डिस्कवर सहज मावतील.